३६०० लावली की गेम पडतो, मग ४००० ची रॅम घेऊ का?

वेंगुर्ल्याहून एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. त्याच्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, बी५५० मदरबोर्ड, आधीची एक ८ जीबीची ३२०० सीएल१६ रॅमची स्टिक होती, त्यात आता दुसऱ्या कंपनीची ८ जीबी ३६०० सीएल१८ घालून १६ जीबी केलेत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, एक्सएमपी लावलं की ३६०० दिसतं, विंडोज पण येते, पण अर्ध्या-पाऊण तासात गेम बंद पडून डेस्कटॉपवर येतो, कधी पूर्ण रिस्टार्ट. ३२०० वर ठेवलं तर त्रास नाही. शिवाय प्रोसेसर सगळ्या कोरना ४.६ गिगाहर्ट्झवर फिक्स केलाय. त्याचं म्हणणं, काका ही रॅमच हलकी निघाली, ४००० ची चांगली किट घेऊ का, आणि ते टायमिंगचे आकडे नक्की कसे लावायचे.

काका म्हटलंस म्हणून अरेतुरेच करतो. ४००० ची घेऊ नकोस, पैसे फुकट जातील. आणि तुझ्या स्टिक हलक्या आहेत असंही मला वाटत नाही, तू दोन वेगळ्या स्टिकना एकाच्या मापाचा शर्ट घातलायस एवढंच झालंय. एक्सएमपी म्हणजे स्टिकच्या छोट्या चिपमध्ये कंपनीने लिहून ठेवलेलं प्रोफाइल, स्पीड, टायमिंग, व्होल्टेज सगळं. तू ३६०० वाल्या स्टिकचं प्रोफाइल निवडलंस तर बोर्ड तेच दोघींना लावतं. त्यातली जुनी ३२०० ची स्टिक कारखान्यातून ३६०० वर तपासून आलेलीच नाही. ती बूट होते म्हणजे जवळपास चालते, पण जवळपास चालणं रॅमच्या बाबतीत उपयोगाचं नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

आता मुळातून घेऊ, कारण कुडाळला माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचा इथेच गोंधळ असतो. डब्यावर ३२०० लिहिलेलं असतं तो खरा क्लॉक नाही, खरा १६०० मेगाहर्ट्झच असतो, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून ३२०० म्हणतात, डीडीआर मधला पहिला डी तोच, डबल. आणि टायमिंगचे आकडे असतात ते सेकंद नव्हेत, ठोके आहेत. सीएल१६ म्हणजे सोळा ठोके थांब. ठोका किती लांब आहे ते स्पीडवर ठरतं, त्यामुळे नुसता सीएलचा आकडा बघून काहीच कळत नाही. हिशोब सोपा आहे, सीएल गुणिले २००० भागिले डब्यावरचा स्पीड, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ चे होतात १०. ३६०० सीएल१८ चे पण १०च. ३६०० सीएल१६ चे ८.९ च्या आसपास. आणि स्वस्तातली साधी ३२०० सीएल२२ असते तिचे १३.७५. म्हणजे तुझ्या दोन स्टिकचा पहिला शब्द मिळायला लागणारा वेळ सारखाच आहे, ३६०० वाली फक्त त्यानंतरचा डेटा जास्त वेगाने ओतते.

बाकीचे आकडे काय आहेत ते समजायला ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर डोळ्यासमोर आण. कपाटात रजिस्टरं रचलेली आहेत, टेबल एकच आहे. तू जाऊन म्हणालास मला अमुक घर नंबरची नोंद हवी, तर आधी ते रजिस्टर कपाटातून काढून टेबलावर उघडायला लागतं, तो वेळ म्हणजे टीआरसीडी. उघडलेल्या पानावरची तुझी ओळ शोधून वाचून दाखवायला लागतो तो सीएल. पुढच्या माणसाला वेगळं रजिस्टर हवं असेल तर हे मिटून जागेवर ठेवावं लागतं, तो टीआरपी. आणि एकदा उघडलेलं रजिस्टर काम नीट पुरं होईपर्यंत कमीत कमी किती वेळ उघडं ठेवायचं तो टीरॅस. डब्यावर १६-१८-१८-३८ असं लिहितात ते हेच चार, फक्त सीएल पहिला, मग टीआरसीडी, टीआरपी, टीरॅस. सलग एकाच पानावरच्या नोंदी मागितल्या तर फक्त सीएल भरावा लागतो, पण गेममध्ये प्रोसेसर कधी इथलं मागतो कधी तिथलं, सारखी रजिस्टरं बदलतात, म्हणून टीआरसीडी आणि टीआरपीला पण तेवढीच किंमत आहे. बरेच जण फक्त सीएल खाली आणतात आणि टीआरसीडी २२ वरच ठेवतात, मग फरक का दिसत नाही म्हणून विचारतात.

याच्याहून मोठा आकडा मात्र डब्यावर छापलेलाच नसतो, तो टीआरएफसी. डीरॅमची प्रत्येक पेशी म्हणजे इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत राहतो, म्हणून ठराविक वेळाने पुन्हा भरायला लागतो. दप्तराच्या भाषेत शाई फिकी पडते म्हणून कारकून मधेमधे खिडकी बंद करून नोंदी पुन्हा गिरवतो, आणि तेवढा वेळ कोणाचंच काम होत नाही. डीडीआर४ मध्ये ही खिडकी दर ७.८ मायक्रोसेकंदाला बंद होते, या अंतराला टीरेफी म्हणतात, आणि एकदा बंद झाली की ८ गिगाबिटच्या चिपला स्टँडर्डप्रमाणे ३५० नॅनोसेकंद बंद राहते, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. म्हणजे साडेचार ते सात टक्के वेळ रॅम नुसती स्वतःची डागडुजी करत असते. हे ३५० खूप सावध धरलेले असतात. ३६०० वर ३५० चे ठोके ६३० होतात. हायनिक्सची सीजेआर किंवा डीजेआर चिप असेल तर साधारण २६० नॅनोसेकंद म्हणजे ४६८ ठोक्यांवर बहुतेक वेळा चालते, मायक्रॉनची रेव्ह-ई ३०० च्या आसपास, आणि सॅमसंगची जुनी बी-डाय नावाची चिप तर १६० पर्यंत उतरायची, म्हणूनच अजून लोक ती सेकंडहँडमध्ये शोधत असतात. सीएल १८ चा १६ करण्यापेक्षा टीआरएफसी ६३० चा ४८० केला तर मला गेममध्ये, विशेषतः मधेच झटका बसतो ना त्याच्यात, जास्त फरक जाणवलाय.

आता ४००० का नको. रायझन ५००० मध्ये तीन गोष्टी एका तालात चालतात, रॅमचा क्लॉक, मेमरी कंट्रोलरचा क्लॉक आणि इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या रस्त्याचा क्लॉक. ३६०० ची रॅम म्हणजे १८००, आणि फॅब्रिक १८०० वर जवळजवळ प्रत्येक ५६०० घेतो. १९०० काही घेतात काही नाही. ४००० ला २००० लागतो, तो या प्रोसेसरमध्ये क्वचितच धडपणे मिळतो. मग बोर्ड काय करतं, कंट्रोलर अर्ध्यावर टाकतं, एकास दोन. तेव्हा सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ४००० झळकतं पण प्रत्येक विनंतीला दहा-एक नॅनोसेकंद वाढतात, म्हणजे तू जास्त पैसे देऊन ३६०० पेक्षा मागे गेलास. आणि जबरदस्तीने एकास एक धरलंस आणि फॅब्रिकला झेपलं नाही तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर नावाने १९ नंबरचे हार्डवेअर चुकीचे इशारे पडायला लागतात, आवाज तुटतो, यूएसबी मधेच सुटते. तुझ्याकडे आत्ता जाऊन बघ ते १९ आहेत का. असतील तर आधी संशय फॅब्रिकवर घ्यायचा, नसतील तर स्टिकवर.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण चांगली रॅम असेल तरच ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर चालतो, हे जे वडीलधारे सांगतात ते खोटं नाही, फक्त जुन्या काळातलं आहे. २००७-०८ मध्ये मी पेंटियम ड्युअल कोर ई२१६० वर हात बसवला, १.८ गिगाहर्ट्झचा, आत २०० चा बस आणि ९ चा गुणक, गुणक लॉक. वाढवायचं तर बसच वाढवायचा, आणि त्या पी३५ बोर्डवर रॅमला बसच्या खाली ठेवताच येत नव्हतं. बस ३३३ केला की ३ गिगाहर्ट्झ, पण मग रॅम कमीत कमी डीडीआर२ ६६७ हवीच. कोणी ५३३ ची लावली असेल तर २६६ वर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर गाडी अडली, प्रोसेसर कितीही चांगला असो. तेव्हा रॅमच प्रोसेसरचं छप्पर होती. आज तुझ्या ५६०० चा गुणक उघडा आहे, प्रोसेसर आणि रॅम वेगवेगळे वाढवता येतात, आणि येतात म्हणून वेगवेगळेच वाढवायचे. तू दोन्ही एकदम केलंस, आता पडतंय ते कशामुळे हे तुलाही कळत नाही आणि मलाही इथे बसून कळणार नाही.

म्हणून आधी प्रोसेसर पूर्ण डिफॉल्टवर आण. तो ४.६ चा फिक्स क्लॉक तसाही ठेवू नकोस, त्यापेक्षा पीबीओ मध्ये, म्हणजे प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणाऱ्या सेटिंगमध्ये, कमाल बूस्टला २०० मेगाहर्ट्झ जास्त दे आणि त्यातल्याच कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोरचं व्होल्टेज थोडं थोडं खाली घे, गरज असेल तेव्हा ४.६५ पर्यंत स्वतःच जातो आणि रिकामा असताना थंड राहतो. पण ते नंतर, रॅम पक्की झाल्यावर.

दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघ. हे सांगायला लागू नये पण मागच्याच महिन्यात सावंतवाडीहून एक पीसी आला, दोन्ही स्टिक शेजारी शेजारी, दीड वर्ष सिंगल चॅनलवर चालवत होता, म्हणजे ५१ जीबी दर सेकंदाच्या जागी २५.६. सगळी टायमिंग घट्ट करून जेवढं मिळत नाही तेवढं त्याला स्टिक एक घर सरकवून मिळालं.

मग एक्सएमपी बंद ठेवून हाताने भर. ३२००, १६-२०-२०-४०, १.३५ व्होल्ट, फॅब्रिक १६००. ही तुझी रोजची, खात्रीची जागा. इथे टेस्ट पास झाली की वर जाऊन बघ, ३६००, १८-२२-२२-४२, फॅब्रिक १८००, रॅमला १.३८, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१. मजा बघ, ३२०० वरचे २० ठोके म्हणजे १२.५ नॅनोसेकंद आणि ३६०० वरचे २२ म्हणजे १२.२, जवळपास एकच. बाजारातल्या कितीतरी ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ स्टिक सारख्याच कुवतीच्या चिपच्या असतात, म्हणून तुझी जुनी स्टिक हे घेईल अशी आशा आहे. १.४० च्या वर मी आपल्याकडच्या हवेत पंखा नसताना जात नाही. सीएलला १७ टाकलंस आणि बायोसमधला गियर डाऊन मोड चालू असेल तर तो आपोआप १८ होतो, म्हणून विषम आकड्यांवर वेळ घालवू नकोस. हे जमलं की पाठोपाठ रजिस्टरं उघडण्यातलं अंतर ठरवणारे आकडे, टीआरआरडी-एस ६, टीआरआरडी-एल ८, टीफॉ २४, आणि मग टीआरएफसी ६३० वरून ५८०, ५४० असं पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला टेस्ट. एका वेळी एकच आकडा, वहीत तारीख टाकून लिहायचा. पोस्टच झाला नाही, म्हणजे पीसी चालू होऊन स्क्रीनच आली नाही, तर घाबरायचं नाही, बायोसची सेटिंग पुसणारा सीएमओएस क्लिअरचा जंपर किंवा सेल काढून पाच मिनिटं थांबायचं.

टेस्टबद्दल मात्र मी कडक आहे. नवीन सेटिंग लावून थेट विंडोजमध्ये जायचं नाही. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम, मोफतवाल्यात चार पास होतात, रात्री लावून झोप. एकही एरर नको. एक म्हणजे फेल. कारण रॅम चुकते तेव्हा ती ओरडत नाही. विंडोज त्या चुकीच्या रॅममधून फाइल वाचते, चुकीचीच परत एसएसडीवर लिहिते, आणि दोन महिन्यांनी तुझे फोटो उघडत नाहीत तेव्हा रॅमकडे कोणाचं लक्षही जात नाही. मेमटेस्ट पास झाला की विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा तसाच दुसरा प्रोग्रॅम दीड-दोन तास, आणि त्याच वेळी ग्राफिक कार्ड पण तापवायचं.

हे ग्राफिक कार्डचं मी माझ्याच चुकीतून शिकलो. कुडाळातला एक लग्नाचं शूटिंग करणारा माणूस, त्याला बाराव्या जनरेशनचा इंटेल के प्रोसेसर, झेड६९० बोर्ड, १६-१६ च्या दोन डीडीआर४ असं बांधून दिलं, जानेवारीत. इंटेलवर टीरेफी हाताने बदलता येतो, ३६०० ला तो १४०४० असतो, मी थेट ६५५३५ केला, म्हणजे खिडकी ७.८ च्या जागी ३६ मायक्रोसेकंदांनी बंद होणार, आणि टीआरएफसी पण कसून खाली. दुकानात एसी, रात्रभर टेस्ट, एकही एरर नाही. मेमध्ये त्याचा फोन, "माका ह्यातला काय कळना नाय, पण दुपार झाली की एक्सपोर्टात हिरवे पट्टे येतत." संध्याकाळी तोच व्हिडिओ परत काढला की स्वच्छ. मी त्याच्या घरी जाऊन बसलो, पत्र्याखालची खोली, पंखा गरम हवा फिरवतोय, कॅबिनेटची काच बंद. अडीच वाजता टेस्टमेम५ मध्ये पहिला एरर आला तेव्हा स्टिकचं तापमान ५६ दाखवत होतं, ग्राफिक कार्डाची सगळी गरम हवा थेट रॅमवर. कपॅसिटरमधला चार्ज उष्णतेने भराभर गळतो, आणि मी तर त्याला भरायची वेळच लांबवून ठेवलेली. टीरेफी ३२७६७ केला, टीआरएफसी ढिला केला, वर एक १२० एमएमचा पंखा लावला, त्यानंतर तक्रार नाही. पण दोन लग्नांचे व्हिडिओ त्याला परत काढावे लागले, ते त्याचे दिवस मी भरून देऊ शकलो नाही. तेव्हापासून जानेवारीत बांधलेली मशीन मी मेमध्ये एकदा परत टेस्ट करतो, बोलावून घेतो. तुझ्या बोर्डवर टीरेफी बदलता येत नाही, पण टीआरएफसीला हेच लागू आहे, म्हणून शेवटची टेस्ट भर दुपारी, दारं-खिडक्या जशा रोज असतात तशा ठेवून घे.

वेंगुर्ल्यात तुझं घर समुद्राकडे असेल तर अजून एक. स्टिकच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो तरी खाऱ्या दमट हवेने त्यावर धूसर थर बसतो आणि स्लॉटच्या आत पण. जुलैमध्ये अचानक ३६०० पोस्ट होत नाही, ३२०० होतं, आणि लोक टायमिंग ढिली करत बसतात. स्टिक काढून मऊ पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेला हळू पूस, रबराचा चुरा ब्रशने झाड, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पूस आणि पूर्ण वाळू दे. पॉलिश पेपर कधीच नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला त्यानंतर नातेवाइकांच्या ओळखीने चिखल भरलेले पीसी माझ्याकडे आले होते, त्यातल्या बऱ्याच स्टिक धुऊन वाळवून परत चालल्या, पण साध्या स्पीडवर, एक्सएमपीवर त्यातल्या फार थोड्या टिकल्या. जास्त स्पीडला सिग्नल एवढा नाजूक होतो की कनेक्शनमधली थोडी खोट पण चालत नाही.

नवीन घ्यायचीच असेल तर एकाच डब्यातली जोडी घे, १६-१६ ची ३६०० सीएल१६ मिळाली तर उत्तम, नाहीतर सीएल१८. एकच मॉडेल नंबर दोनदा सुटा घेणं म्हणजे जोडी नव्हे, कंपन्या नंबर तोच ठेवून आतली चिप बदलतात. चार स्टिक भरायचा मोह टाळ, कंट्रोलरवर ओझं वाढतं आणि स्पीड खाली येतो. आणि वेगळं ग्राफिक कार्ड असून ते आधीच १०० टक्के चालत असेल तर रॅमने सरासरी एफपीएस फार हलणार नाही, झटके कमी होतील. खरा मोठा फायदा ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिकवाल्यांना, कारण तिथे व्हिडिओ मेमरी म्हणून हीच रॅम वापरली जाते. उलट नावात एक्स३डी असलेल्या रायझनवाल्यांकडे प्रोसेसरच्या आतच ९६ एमबी कॅशे, म्हणजे जवळची वेगवान मेमरी, असते, त्यांना घट्ट टायमिंगची फारशी गरज पडत नाही.

इंटेलवाल्या मित्रांसाठी दोन शब्द. तिथे एकास एकला गियर १ म्हणतात, डीडीआर४ ला साधारण ३६०० पर्यंत. पण के नसलेल्या बाराव्या-तेराव्या प्रोसेसरला एसए व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) लॉक असतं, तिथे ३२०० सीएल१६ वरच समाधान मानलेलं बरं, आणि एच६१० बोर्डवर रॅमचं ओव्हरक्लॉकिंग नसतंच. डीडीआर५ घेणाऱ्यांनी रायझन ७००० ला ६००० सीएल३० बघावी, हिशोब केलात तर तेच १० नॅनोसेकंद, एसओसी १.३ च्या वर न्यायचा नाही, आणि पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, ट्रेनिंग चाललेलं असतं, मेला समजून मधेच बंद करू नका.

तू आत्ता एवढं कर. व्हिया १९ आहेत का ते बघ, दोन्ही स्टिकच्या स्टिकरचा फोटो काढ, ३२०० वर हाताने सेट करून झेनटायमिंग्ज या टायमिंग दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट घे आणि मेमटेस्टचे चार पास पूर्ण झाले की तिन्ही एकत्र टाक. चिप कुठली आहे ते कळलं की टीआरएफसी कितीपर्यंत खाली न्यायचा तो आकडा मी तुला सांगतो.